श्रावणबाळचे पैसे आणि खोलीचे भाडे

वाचकहो, या पाठाच्या आरंभी एक लांबलचक नाव वाचायचे आहे. घाई करू नका. एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचा.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना.

वाचलेत? पाच शब्द आहेत. पहिला तुमच्या ओळखीचा. आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून यात्रेला नेणारा श्रावणबाळ कीर्तनात ऐकला नाही, असा माणूस आपल्याकडे विरळा. 'सेवा' सोपा आहे. 'राज्य' म्हणजे आपले महाराष्ट्र राज्य. जीभ अडखळते ती 'निवृत्तिवेतन' या शब्दापाशी. निवृत्त होणे म्हणजे कामातून मोकळे होणे. वेतन म्हणजे पगार. काम सुटल्यावर मिळणारा पगार, तो निवृत्तिवेतन. बोलताना आपण पेन्शन म्हणतो. 'योजना' म्हणजे ठरवून केलेली व्यवस्था. आता सगळे शब्द जोडा. हातपाय थकलेल्या गरीब माणसांना दर महिन्याला काही रक्कम देण्याची महाराष्ट्र सरकारने केलेली ही व्यवस्था आहे.

गावात एवढे मोठे नाव कोण घेतो! कुणी 'श्रावणबाळचे पैसे' म्हणतात, कुणी 'निराधारचा पगार' म्हणतात. बोलताना काहीही म्हणा. पण कचेरीतल्या फलकावर आणि अर्जावर हेच पाच शब्द असतात. ते ओळखता आले पाहिजेत.

हा पाठ आम्ही वर्गात पहिल्यांदा सांगितला तेव्हा मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, पेन्शन तुमच्यासारख्या नोकरदाराला. आमी कुठं नोकरी केली?"

आम्ही विचारले, "आजोबा, औत किती वर्षं हाकलंत?"

"मोजली न्हाईत. पन चाळीसच्या वर असत्याल."

"स्वतःच्या रानात?"

"छे! रान कुठलं आलंय आपल्याला? लोकाच्याच बांधाला गेली सारी."

आम्हाला स्वतःला पेन्शन मिळते. आम्ही फळ्यासमोर सावलीत उभे राहून नोकरी केली. आजोबांनी उन्हात उभे राहून लोकांसाठी धान्य पिकवले. आमची पेन्शन मानाची आणि आजोबांची तेवढी धर्मादाय, असे आम्हाला वाटत नाही. म्हणून हे पैसे मागताना मान खाली घालायचे कारण नाही.

आता भाड्याची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी बाजारतळामागे पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ आहे. त्यांतल्या एका खोलीत एक आजी एकट्या राहतात. त्यांचे नाव आम्ही सांगत नाही. नवरा वारला. खेड्यातले घर दिरांच्या वाटणीत गेले. मूलबाळ नाही. तालुक्याला येऊन त्यांनी लोकांची धुणीभांडी केली. आता गुडघे वाकत नाहीत, म्हणून कामे सुटली. खोलीचे भाडे महिन्याला ७०० रुपये आहे. श्रावणबाळचे १५०० रुपये येतात. हिशेब करा. १५०० मधून ७०० वजा केले की ८०० उरतात. ८०० ला ३० दिवसांनी भागा. दिवसाला २६ रुपये आणि वर थोडे पैसे. त्यात तेलमीठ, चहा, औषधाची गोळी, काडेपेटी. रेशनचे धान्य मिळते म्हणून चूल पेटते.

मागच्या वर्षी हे पैसे एकाएकी बंद झाले. एक महिना गेला, दुसरा गेला. तिसऱ्या महिन्यात घरमालक दारात आला. तोही काही सावकार नव्हे. त्याचे घर त्याच चार खोल्यांच्या भाड्यावर चालते. तो खाली बघत म्हणाला, "आजी, पुढल्या महिन्यापर्यंत बघा. नाहीतर खोली दुसऱ्याला द्यावी लागंल."

पैसे का बंद झाले? हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता. तो देण्याची मुदत कागदावर लिहून कचेरीच्या फलकावर लावलेली होती. आजी त्या फलकासमोरून दोनदा गेल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हते.

आजींनी पुढे काय केले ते नंतर सांगू. आधी योजना नीट समजून घेऊ.

ही हकिगत ऐकून वर्गातल्या एका तरुण भावाने विचारले, "गुरुजी, म्हाताऱ्या माणसाच्या खोलीचं भाडं सरकारच का भरत नाही?" प्रश्न चांगला होता. काही देशांत सरकार भाड्याला हातभार लावते. कॅनडा नावाचा थंडीचा मोठा देश आहे. त्यातल्या ब्रिटिश कोलंबिया या प्रांतात १९७७ सालापासून अशी योजना आहे. माणसाचे वय ६० किंवा जास्त असावे, उत्पन्न कमी असावे आणि उत्पन्नाच्या शंभर भागांतले ३० पेक्षा जास्त भाग भाड्यात जात असावेत. अशा माणसाला सरकार दरमहा काही रक्कम देते. अमेरिकेतही गरीब भाडेकरूंसाठी एक रीत आहे. भाडेकरूने साधारण शंभरातले ३० भाग आपण द्यायचे आणि बाकीचे भाडे सरकारी खात्याने परस्पर घरमालकाला द्यायचे. हे ऐकून तो देश म्हणजे स्वर्ग, असे समजू नका. तिथेही मागणारे फार आणि मदत थोडी. यादीत नाव घालून लोक वर्षानुवर्षे थांबतात.

आपल्या आजींना हे माप लावून पाहू. १५०० रुपयांच्या शंभरातले ३० भाग म्हणजे ४५०. त्या भाडे देतात ७००. म्हणजे जवळजवळ निम्मी पेन्शन डोक्यावरच्या पत्र्यालाच जाते. आपल्या श्रावणबाळ योजनेत भाड्यासाठी म्हणून निराळी रक्कम नाही. जे काही मिळते ते १५०० रुपयेच. त्यातूनच भाडे आणि त्यातूनच गोळी. म्हणूनच ते एक महिनाही चुकून चालत नाही.

आता हे पैसे कुणाला मिळतात ते पाहू.

पहिली अट वयाची. बाई असो की पुरुष, ६५ वर्षे पूर्ण झालेली असावीत. इथेच पहिली अडचण येते. आमच्या वर्गातल्या कितीतरी जणांना आपले जन्मसाल ठाऊक नाही. पण मोठ्या घटना सगळ्यांना आठवतात. कुणी म्हणते, पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी पाळण्यात होते. पानशेत फुटले १२ जुलै १९६१ रोजी. कुणी म्हणते, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी शेळ्यांमागे जात होतो. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. एक मावशी म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात मी आईसंगं खडी फोडायला जायची. सुकडी खाल्लीया आमी. तवा बारा वर्सांची आसंन."

पाटीवर मांडा. १९७२ मधून १२ वजा केले, १९६० आले. १९६० मध्ये ६५ मिळवले, २०२५ आले. म्हणजे मावशींना २०२५ साली ६५ वर्षे पूर्ण झाली. पण त्यांच्या आधार कार्डावर जन्मसाल होते १९६८. कार्ड काढताना कुणी विचारले नाही, यांनी सांगितले नाही, लिहिणाऱ्याने तोंडाकडे बघून अंदाजाने साल टाकले. आता कार्डाप्रमाणे ६५ केव्हा पूर्ण होणार? १९६८ अधिक ६५, म्हणजे २०३३ साली. आठ वर्षे उशीर! आठ वर्षांचे महिने ९६. ९६ गुणिले १५०० म्हणजे १,४४,००० रुपये. एक आकडा चुकीचा पडला आणि मावशींचे पावणेदोन एकरांचे नव्हे, पण एका बऱ्या बैलजोडीचे पैसे गेले. हे गणित आम्ही फळ्यावर केले तेव्हा वर्ग गप्प झाला. दुसऱ्या दिवशी सगळे जण आधार कार्ड घेऊन आले!

तुम्हीही आज घरी गेल्यावर घरातल्या प्रत्येकाचे कार्ड काढा आणि जन्मसाल वाचा. चूक असेल तर पुरावा घेऊन आधार केंद्रावर दुरुस्तीचा अर्ज करा. चौसष्टावे वर्ष लागेपर्यंत थांबू नका. वयाचा पुरावा म्हणून या योजनेत जन्माच्या नोंदीचा उतारा चालतो. शाळा सोडल्याचा दाखला चालतो. शिधापत्रिकेतला किंवा मतदार यादीतला वयाचा उतारा चालतो. यांतले काहीच नसेल तर सरकारी ग्रामीण रुग्णालयातून वयाचा दाखला घेता येतो. एखादी आजी दोनच महिने शाळेत गेली असेल, तरी शाळेच्या जुन्या पटावर तिचे नाव असू शकते. मुख्याध्यापकांना विचारावे. जुनी रजिस्टरे धुळीत पडलेली असतात, पण असतात. हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

दुसरी अट राहण्याची. माणूस निदान १५ वर्षे महाराष्ट्रात राहिलेला असावा. गावच्या माणसाला ही अडचण नसते. ग्रामसेवकाचा किंवा तलाठ्याचा दाखला पुरतो. एक ध्यानात ठेवा. तलाठ्याला आता कागदोपत्री 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणतात आणि ग्रामसेवकाला 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणतात. दारावरची पाटी बदललेली दिसली म्हणून परत फिरू नका. आतला माणूस तोच आहे.

तिसरी अट उत्पन्नाची, आणि ती कडक आहे. एक तर कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे. नसेल तर कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे आणि तसा तहसीलदारांचा दाखला असावा. २१,००० ला १२ ने भागा. महिन्याला १७५० होतात. दिवसाची मजुरी ३०० रुपये धरली, तर एका माणसाने वर्षात ७० दिवस काम केले की २१,००० होतात. मग उरलेल्या २९५ दिवसांत घरच्या माणसांनी खायचे काय? आमच्या मते ही मर्यादा फार खाली आहे. खरोखर अडलेली कितीतरी म्हातारी माणसे तिच्यामुळे बाहेर राहतात. नियम असा आहे म्हणून आम्ही तो सांगतो. तो बरोबर आहे असे मात्र सांगत नाही. ग्रामसभेत हे बोलले पाहिजे आणि मते मागायला येणाऱ्यांनाही विचारले पाहिजे. अशा मर्यादा आणि रकमा सरकार मधूनमधून बदलते. म्हणून अर्ज करण्याआधी तहसील कचेरीत चालू आकडा विचारून घ्यावा.

वय ६५ च्या आत आहे, पण आधार कुणाचाच नाही, अशांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. ती १९८० पासून चालू आहे. गरीब विधवा, टाकलेल्या बाया, अपंग आणि मोठ्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली माणसे तिच्यात बसतात. दोन्ही योजनांचे काम तहसील कचेरीतल्या एकाच टेबलावर चालते. त्याला 'संजय गांधी योजना शाखा' म्हणतात. तालुक्याला गेल्यावर हेच नाव विचारा.

पैसे कुठून येतात आणि किती येतात, हेही कळले पाहिजे. म्हाताऱ्या माणसांना सरकारने दरमहा काही द्यावे ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडात १९०८ साली तसा कायदा झाला. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना पोस्टात आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागले. आपल्या केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ पासून सबंध देशासाठी अशी मदत सुरू केली. तेव्हा केंद्राचे महिन्याला ७५ रुपये असत. पुढे त्याचे २०० झाले. २००७ साली ते २०० होते आणि आजही २०० च आहेत. ज्यांची ८० वर्षे पूर्ण झाली त्यांना केंद्राचे ५०० मिळतात. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असेल, तर हे केंद्राचे पैसे आणि त्यावर आपल्या राज्याची भर, असे मिळून १५०० होतात. यादीत नाव नसले आणि २१,००० च्या अटीत बसले, तर सगळे १५०० राज्य सरकार देते. आपल्या राज्यात आधी महिन्याला ६०० रुपये होते. २०१९ साली १००० झाले आणि २०२३ साली १५००. राज्याने रक्कम वाढवली हे चांगले केले. केंद्राचे २०० मात्र २०० च राहिले. २००७ साली २०० रुपयांत जेवढी डाळ येत होती, तेवढी आज येते का? घरातल्या बाईला विचारा, ती सांगेल!

अर्ज कसा करावा? तहसील कचेरीतल्या त्या शाखेत, तलाठ्याकडे किंवा आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज मिळतो. या केंद्राला पुष्कळ ठिकाणी लोक अजून 'सेतू' म्हणतात. वयाचा पुरावा, राहण्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला किंवा यादीचा उतारा, आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान आणि फोटो जोडावा लागतो. मूळ कागद देऊन टाकू नये. त्याच्या प्रती द्याव्यात, मूळ कागद दाखवून परत पिशवीत ठेवावा. अर्ज तपासून तालुक्याच्या समितीपुढे जातो. समितीने मंजूर केला की तसा कागद मिळतो. तो जपून ठेवावा.

इथे मध्येच एक माणूस भेटतो. पांढरे कपडे, हातात दोन मोबाइल. तो म्हणतो, "आजी, साहेब आपला माणूस आहे. दोन हजार द्या, पुढच्या महिन्यात चालू करतो." त्याला हात जोडा आणि पुढे चला. केंद्रात अर्ज भरण्याची ठरलेली फी असते. ती द्यावी आणि पावती घ्यावी. पावती नाही तिथे पैसे नाहीत. कोऱ्या कागदावर सही करू नका. अंगठा तर मुळीच उठवू नका. दोन वर्षे वर्गात बसून सही शिकलात ती कशासाठी?

पैसे मंजूर झाले की ते आता थेट बँकेच्या खात्यात येतात. खाते आधारशी जोडलेले असावे लागते. जोडलेले नसले तर मंजूर झालेले पैसेही वाटेतच अडकतात. बँकेत जाऊन, "माझं खातं आधारला जोडलंय का?" एवढे विचारावे. खाते आजीच्या स्वतःच्या नावाचे असावे. पासबुकही आजीच्याच ट्रंकेत असावे. सून चांगली आहे, नातू गुणी आहे, हे आम्ही मान्य करतो. तरीसुद्धा पासबुक आजीकडेच असावे. ज्या घरात आजीच्या नावाने महिन्याला पैसे येतात त्या घरात आजीला चहा वेळेवर मिळतो, असे एका आजींनीच आम्हाला सांगितले. सगळे हसले, पण कुणी नाही म्हटले नाही.

गावात बँक नसते. मग बँकेचा माणूस छोटे यंत्र घेऊन बसतो. त्याला बँकमित्र म्हणतात. त्या यंत्रावर अंगठा टेकवला की पैसे मिळतात. पुष्कळ बँकमित्र सरळ असतात. पण अंगठा टेकवण्याआधी किती रक्कम काढणार ते मोठ्याने सांगा. नंतर यंत्रातून निघालेली चिठ्ठी मागून घ्या आणि तिच्यावरचा आकडा वाचा. "अंगठा लागला नाही, उद्या या," असे तो म्हणाला तरी पासबुकावर नोंद करून घ्या. पैसे खरेच गेले नाहीत ना, हे तिथे दिसते. जन्मभर खुरपे आणि कोयता धरलेल्या बोटांच्या रेघा पुसट होतात. त्यामुळे यंत्राला अंगठा ओळखता येत नाही, हेही खरे आहे. अशा वेळी आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने घेऊन पाहावेत.

आता हयातीचा दाखला. हयात म्हणजे जिवंत असणे. "मी जिवंत आहे," असा पुरावा दर वर्षी द्यावा लागतो. हे ऐकून काही माणसांना राग येतो. पण मेलेल्या माणसांच्या नावावर दुसऱ्यांनी पैसे उचलल्याचे प्रकार झालेले आहेत, म्हणून हा नियम आहे. दाखला केव्हा, कुठे आणि कोणत्या रीतीने द्यायचा ते तहसील कचेरी दर वर्षी कळवते. ते फलकावर लागते, चावडीत सांगतात, ग्रामपंचायतीतही कळते. पैसे बंद होण्याचे हे एक नेहमीचे कारण. आजींचे तेच झाले. वर्गात बसणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या माणसांची एवढी आठवण ठेवली आणि फलक वाचून दाखवला, तर पुष्कळ चुली चालू राहतील.

एक गोष्ट थोडक्यात सांगून पुढे जाऊ. काही आईबापांचा मुलगा चांगल्या नोकरीत असतो. उत्पन्नाच्या अटीमुळे त्यांना श्रावणबाळचे पैसे मिळत नाहीत, आणि मुलगाही बघत नाही. त्यांच्यासाठी २००७ साली निराळा कायदा झाला आहे. आईबापांनी प्रांतसाहेबांच्या कचेरीत अर्ज करावा. चौकशी होऊन मुलाला किंवा मुलीला महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत पोटगी द्यायला लावता येते. पोटच्या पोरावर अर्ज करायला आईचा हात उचलत नाही, हे आम्ही जाणतो. पण कायदा आहे हे पोरांना ठाऊक असले तरी बराच फरक पडतो.

आता आजींकडे परत येऊ. घरमालक बोलून गेल्यावर आजी शेजारच्या मुलीला घेऊन आमच्या वर्गात आल्या. आम्ही पासबुक पाहिले. कोणत्या महिन्यापासून पैसे नाहीत ते त्यात दिसत होते. मग वर्गातल्याच एका ताईंनी अर्ज लिहिला. आजींना तोवर नुसते आपले नाव काढता येत होते. ते त्यांनी खाली काढले. अर्ज असा होता. नावे आणि तारखा आम्ही गाळल्या आहेत.

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
संजय गांधी योजना शाखा,
तहसील कार्यालय, (तालुक्याचे नाव)

विषय : श्रावणबाळ योजनेचे पैसे बंद झाल्याबाबत.

महोदय,
मी (नाव), वय (वर्षे), राहणार (पत्ता). मला श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचे पैसे मिळत होते. (महिना, साल) पासून ते माझ्या खात्यात जमा झालेले नाहीत. पासबुकाच्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. मी हयात आहे व आज स्वतः आपल्या कार्यालयात हजर आहे. आधार कार्डाची प्रत सोबत आहे. पैसे कोणत्या कारणाने बंद झाले ते कृपया लेखी कळवावे. माझा हयातीचा पुरावा नोंदवून घ्यावा व पैसे पुन्हा सुरू करावेत. मधल्या महिन्यांचे पैसे मिळतील किंवा कसे, तेही कळवावे.

आपली विश्वासू,
(सही)
दिनांक :

या अर्जाच्या दोन प्रती काढल्या होत्या. एक कचेरीत दिली. दुसरीवर कारकुनाकडून 'मिळाला' असे लिहून, सही, शिक्का आणि तारीख घेतली. याला पोच म्हणतात. पोच नसली तर अर्ज दिला होता हे पुढच्या वेळी कुणी कबूल करत नाही. कारकून आधी म्हणाले, "आजी, पोच कशाला? मी बघतो ना." आजींनी दुसरी प्रत तशीच पुढे धरली. शेवटी शिक्का बसला. आजींच्या खात्यावर पुढच्या दुसऱ्या महिन्यात पुन्हा १५०० रुपये आले. त्यांतले ७०० त्याच दिवशी घरमालकाकडे गेले. मागचे भाडे त्या थोडे थोडे फेडत आहेत.

हा अर्ज वहीत उतरवून काढा. कंस आहे तिथे आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाचे नाव, वय आणि पत्ता घाला. वय घालताना अंदाजाने घालू नका, कार्ड पाहून घाला. उद्याच्या वर्गात वही आणि कार्ड दोन्ही घेऊन या.